खानदेशातील लघुजलविद्युत् आणि ग्रिड : बिलगावच्या निमित्ताने

१

ओढ्याच्या वा लहान नदीच्या पाण्यावर घरापुरती किंवा पाड्यापुरती वीज निर्माण करणे आणि ती वीज सार्वजनिक ग्रिडशी जोडणे ह्या दोन क्रिया वरवर पाहता एकाच कामाच्या दोन पायऱ्या वाटतात. परंतु थोडा विचार केल्यास त्यांचे स्वरूप मूलतः भिन्न आहे असे दिसून येईल. पहिली क्रिया यंत्राची आहे. पाणी, उंची आणि चक्र ही अनुकूल असली म्हणजे ती सिद्ध होते. दुसरी क्रिया व्यवहाराची आहे. तीत देणारा कोण, घेणारा कोण, मोजणारा कोण आणि तंटा झाल्यास निवाडा कोणी करावयाचा, हे प्रश्न तारेच्या आधी उपस्थित होतात. खानदेशापुरता ह्या दुसऱ्या क्रियेचा ऐतिहासिक विचार करावा, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक असल्यामुळे शब्दांच्या साक्षीवर त्याने अधिक भर दिला आहे. तथापि शब्द हे येथे व्यवहाराचे अवशेष म्हणूनच तपासले आहेत, ही गोष्ट वाचकांनी ध्यानी घ्यावी.

प्रदेशाच्या मर्यादेविषयी प्रथमच खुलासा केलेला बरा. जुन्या खानदेश जिल्ह्याचे १९०६ साली पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. तेच पुढे जळगाव व धुळे ह्या नावांनी ओळखले जाऊ लागले. धुळे जिल्ह्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा जिल्हा वेगळा झाला. ज्या उदाहरणाभोवती हा लेख गुंफला आहे ते बिलगाव आज नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यात, म्हणजे धडगाव भागात, मोडते; परंतु इतिहासाच्या दृष्टीने ते पश्चिम खानदेशाचेच अंग होय.

२

वाहत्या पाण्याचा हिशेब ठेवण्याची विद्या खानदेशाला नवी नाही. पांझरा, बुराई, मोसम आदी नद्यांवरील बंधारे आणि त्यांच्या आश्रयाने चालत आलेली फडपद्धती ही ह्या विद्येची ठळक साक्ष होय. काही शतके चालत आलेल्या ह्या पद्धतीत नदीवर दगडी बंधारा घालून पाणी पाटाने काढीत, आणि भिजणाऱ्या जमिनीचे काही फड पाडीत. एका फडात एका हंगामाला सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे आणि पुढील हंगामात फडांची पिके फिरवावयाची, असा दंडक असे. आपापल्या शेतात पाणी वळविण्याची मुभा बागाईतदाराला नसे. ते काम गावाने नेमलेल्या पाटकरी, बारेकरी, हवालदार व जागले ह्यांच्याकडे असे. पाणी कमी पडले तर एखाद्याचे शेत पूर्ण भिजून दुसऱ्याचे कोरडे राहावे असे होत नसे. भिजवावयाचे क्षेत्रच सर्वांच्या संमतीने कमी करीत, आणि तूट सर्वांच्या वाट्याला येई.

ह्या व्यवस्थेचे गुणगान करण्याचा येथे हेतू नाही. तिच्यात जमीनधारकालाच स्थान होते, भूमिहीनाला नव्हते, हे विसरून चालणार नाही. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. लहान व मोठा ह्यांना एका प्रवाहावर एकत्र जोडावयाचे तर जोडणीच्या आधी नियम हवा, आणि नियमाच्या आधी प्रत्येक भूमिकेला नाव हवे, हे ह्या पद्धतीने ओळखले होते. पाटावरच्या प्रत्येक कामाला आणि प्रत्येक कामकऱ्याला तेथे स्वतंत्र शब्द आहे. ज्याला नाव आहे त्याच्याकडे जबाबदारी आहे, आणि ज्याच्याकडे जबाबदारी आहे त्याला वाटाही आहे.

३

आता विजेकडे वळू. महाराष्ट्रात मोठ्या जलविद्युतेचा आरंभ १९१५ साली खोपोली येथे झाला आणि १९६२ साली कोयनेचे पहिले संच सुरू झाले. ही दोन्ही केंद्रे सह्याद्रीच्या पश्चिम कड्यावरील प्रचंड उतारावर आधारलेली आहेत. खानदेशाला असा कडा नाही. तापीचे खोरे सपाट आहे आणि तिला मिळणाऱ्या नद्या उन्हाळ्यात आटतात. त्यामुळे ह्या प्रदेशाची वीज प्रामुख्याने कोळशाची राहिली. भुसावळजवळ दीपनगरच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच १९६८ साली कार्यान्वित झाला. १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने पुढील दशकांत गावोगाव तारा नेल्या, विहिरींवर पंप बसले, आणि केळी व ऊस ह्यांच्या बागायतीचे रूप पालटले. जून २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण व वितरण ह्यांच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या.

ह्या साऱ्या काळात विजेची दिशा एकच होती : केंद्राकडून गावाकडे. तिची खूण भाषेत स्पष्ट उमटली आहे. मराठीत वीज ‘येते’ आणि वीज ‘जाते’. ‘लाइट आली’, ‘लाइट गेली’ असे आपण म्हणतो. दोन्ही क्रियापदे अकर्मक आहेत. पाठविणारा वाक्यात दिसत नाही आणि घेणाऱ्याला त्यात कर्तेपण नाही. पावसाविषयी बोलावे तसे आपण विजेविषयी बोलतो. ज्याच्या घरी ती येते त्याला ‘ग्राहक’ म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘ग्रह्’ म्हणजे घेणे ह्या धातूपासून आला आहे, आणि बाजारातील ‘गिऱ्हाईक’ हेही त्याचेच रूप होय. म्हणजे वीजव्यवहारात सामान्य माणसाला जी एकमेव संज्ञा मिळाली तिचा अर्थच ‘घेणारा’ असा आहे. घेणारा कधी देणाराही होऊ शकेल ही कल्पना त्या संज्ञेत मावत नाही. फडाच्या परिभाषेशी तुलना केली असता हा उणेपणा विशेष जाणवतो.

४

अशा परिस्थितीत, ग्रिडच्या तारा जेथे पोचल्या नव्हत्या त्या सातपुड्यात, एका धबधब्याने देण्याची भूमिका घेतली. सातपुड्याच्या उत्तर उतारावरील पाणी तापीकडे न जाता नर्मदेला मिळते. उदई व तितोडी ह्या तेथील दोन लहान नद्यांच्या संगमाजवळ बिलगाव वसले आहे, आणि तेथे सुमारे ९ मीटर उंचीचा नैसर्गिक धबधबा होता. केरळातील पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी ह्या संस्थेचे तंत्रज्ञ, नर्मदा बचाव आंदोलन आणि पाड्यांवरील आदिवासी ग्रामस्थ ह्यांनी मिळून त्यावर १५ किलोवॉट क्षमतेचे केंद्र उभारले. त्यासाठी ग्रामस्थांनी श्रमदान केले. जानेवारी २००३ मध्ये केंद्र सुरू झाले आणि बारा पाड्यांतील सुमारे ३०० घरांना त्याचा लाभ झाला. त्यापूर्वी जवळच्या डोमखेडी येथे अवघ्या ३०० वॉटचा प्रयोग झाला होता. तो थोड्याच काळात सरदार सरोवराच्या फुगवट्यात बुडाला. २००४ साली प्रदर्शित झालेल्या ‘स्वदेस’ ह्या हिंदी चित्रपटातील वीजनिर्मितीच्या प्रसंगामागे बिलगावचीच प्रेरणा होती असे सांगितले जाते.

आकड्यांचा विचार केल्यास केंद्राचे स्वरूप अधिक स्पष्ट होईल. पाण्यापासून मिळणारी शक्ती किलोवॉटमध्ये काढावयाची तर दर सेकंदाला वाहणारे घनमीटर पाणी, मीटरमधील पडउंची, ९.८१ हा गुरुत्वाचा अंक आणि यंत्राची कार्यक्षमता ह्यांचा गुणाकार करावयाचा असतो. कार्यक्षमता शेकडा ६० धरली तर ९ मीटरवरून १५ किलोवॉट मिळविण्यास सेकंदाला सुमारे २८० लिटर पाणी पुरेसे होते. तीनशे घरांत वाटणी केली तर घरटी ५० वॉट येतात. आजच्या शहरी दृष्टीला ही मात्रा क्षुल्लक वाटेल. परंतु अंधार आणि दोन दिवे ह्यांतील अंतर आकड्यांनी मोजता येत नाही.

हाच हिशेब पुढे नेला म्हणजे ग्रिडशी जोडणीचा प्रश्न आपोआप उभा राहतो. १५ किलोवॉटचे चक्र पूर्ण पाण्यावर दिवसाचे २४ तास फिरले तर ३६० युनिट वीज निर्माण होईल. दिवे लागतात संध्याकाळी. पूर्ण भार पाच तास राहिला असे मानले तरी ७५ युनिटच खर्ची पडतात. उरलेली २८५ युनिट म्हणजे चक्रावरून न वळता वाहून जाणारे पाणी, किंवा भार समतोल राखण्यासाठी केवळ पाणी तापविण्यात घालविलेली वीज. उलट उन्हाळ्यात नदी क्षीण झाली की दिवे मंद होणार. पावसाळ्याची शिल्लक बाहेर द्यावी आणि उन्हाळ्याची तूट बाहेरून भरून काढावी, अशी सोय केवळ ग्रिडच करू शकते. लहान केंद्राच्या दृष्टीने ग्रिड म्हणजे साठवणीचे मोठे तळेच होय.

५

ही जोडणी तांत्रिकदृष्ट्या असाध्य नाही, परंतु सोपीही नाही. स्वतंत्र केंद्राने आपला विद्युत्-दाब व वारंवारता आपणच सांभाळावयाची असते. ग्रिडशी जोडताना मात्र तिचा दाब, सेकंदाला ५० आवर्तनांची तिची वारंवारता, फेजचा क्रम आणि लहरीचा नेमका क्षण ह्या चारही बाबतींत जनित्राचा तिच्याशी मेळ बसावा लागतो. धावत्या गाडीत चढणाऱ्याने प्रथम गाडीच्याच वेगाने धावावे, तसा हा प्रकार आहे. प्रेरण जातीचे जनित्र वापरल्यास काम हलके होते. कारण ते ग्रिडचीच लहर उसनी घेऊन चालते.

एकदा जोडणी झाल्यावर खरी अडचण निर्माण होते ती ग्रिड बंद पडते तेव्हा. वाहिनी दुरुस्त करण्यासाठी वायरमन खांबावर चढलेला असताना लहान केंद्राकडून उलट दिशेने वीज आली तर त्याचे प्राण जातील. म्हणून ग्रिड गेली की अशा केंद्राने तत्काळ अलग झाले पाहिजे, असा दंडक सर्वत्र आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने वितरित निर्मितीच्या जोडणीसंबंधी २०१३ साली केलेल्या विनियमांतही तो आहे. सौरपटलाला हे सहज जमते. जलकेंद्राचे तसे नाही. वीज तोडली तरी पाणी पडतच राहते. भार नाहीसा झालेले चक्र बेफाम वेगाने फिरू लागते आणि स्वतःचाच नाश ओढवून घेते. त्यासाठी पाणी बाजूला वळविणारी झडप आणि वीज तात्पुरती जिरविणारा पर्यायी भार ह्या दोन गोष्टी अगोदरच सज्ज ठेवाव्या लागतात. आणखी एक विपरीत परिणाम संभवतो. पाड्याची वाहिनी वेगळी करून स्वतंत्रपणे चालविण्याची सोय नसेल, तर ग्रिड गेली की धबधबा शेजारी वाहत असूनही पाडा अंधारात बसेल. जोडणीपूर्वी ज्याचे दिवे लागत होते त्याचे दिवे जोडणीमुळे विझावेत, हे टाळावयाचे असेल तर अलगीकरणाचा स्विच हा चैनीचा भाग न मानता कराराचाच भाग मानला पाहिजे.

ह्या अडचणी अन्यत्र सुटलेल्या आहेत. नेपाळात डोंगरी गावांची शेकडो लहान केंद्रे ग्रिडची तार येताच ओस पडण्याचा धोका निर्माण झाला होता. तेथे नुवाकोट जिल्ह्यातील स्याउरेभूमी येथील २३ किलोवॉटचे ग्रामकेंद्र जानेवारी २०१८ मध्ये राष्ट्रीय ग्रिडशी जोडण्यात आले. बिलगावच्या आणि ह्या केंद्राच्या क्षमतेत फारसे अंतर नाही. अंतर आहे ते नियमाचे. लहान केंद्राची वीज विकत घ्यावयाची असे तेथील वीज-प्राधिकरणाने मान्य केले, आणि मग तंत्रज्ञांनी मार्ग काढला. अमेरिकेतही १९७८ च्या कायद्याने लहान उत्पादकांची वीज घेणे वीजकंपन्यांवर बंधनकारक केले, तेव्हापासूनच तेथे लहान जलकेंद्रांना ग्रिडचे दार उघडले.

६

बिलगावच्या बाबतीत हा प्रश्न प्रत्यक्षात विचारलाच गेला नाही. कारण त्याआधीच केंद्र नाहीसे झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या १८ ऑक्टोबर २००० च्या निर्णयानंतर सरदार सरोवर धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढत गेली. २००६ साली ती १२१.९२ मीटरपर्यंत नेण्याचे काम झाले, आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात बिलगावचे केंद्र पाण्याखाली गेले. ते जेमतेम साडेतीन वर्षे चालले.

येथे इतिहासाने एक विलक्षण योग जुळवून आणला आहे. ज्या जलाशयाने १५ किलोवॉटचे केंद्र बुडविले तो जलाशयही वीजनिर्मितीसाठीच आहे. त्याच्या दोन वीजगृहांची क्षमता १,४५० मेगावॉट असून तिच्यातील शेकडा २७ वाटा महाराष्ट्राचा आहे. बिलगावची क्षमता ह्या राशीच्या सुमारे लाखाव्या भागाइतकी होती. राष्ट्रीय हिताच्या तराजूत कोणते पारडे जड, ह्याचा निवाडा करणे हे ह्या लेखाचे कार्य नाही. त्यासंबंधी दोन्ही बाजूंनी विपुल लिहिले गेले आहे. लेखकाचा प्रश्न त्याहून लहान आहे. मोठ्या केंद्राची वीज ग्रिडच्या वहीत जमा होते. लहान केंद्र कोणत्याही वहीत जमा नव्हते, म्हणून ते गेले तेव्हा वीजखात्याच्या कोणत्याही वहीत खर्चही पडले नाही. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ साली दिलेल्या निवाड्यात बुडणाऱ्या जमिनीबद्दल जमीन आणि घरासाठी जागा ह्यांची तरतूद आहे. नऊ मीटरचा धबधबा आणि त्यावर श्रमदानाने उभे राहिलेले चक्र ह्या मोजमापात कोणत्या रकान्यात लिहावयाचे? केंद्र ग्रिडशी जोडलेले असते तर ते बुडण्यापासून वाचले असते, असा दावा कोणी करणार नाही. परंतु मीटरवर नोंदलेली युनिटे हा पुरावा असतो, आणि जो मोजला गेला आहे त्याची भरपाई निदान मागता तरी येते.

७

त्यानंतरच्या काळात नियमांची भाषा पालटू लागली आहे, हे नमूद केले पाहिजे. विद्युत अधिनियम २००३ ने नवीकरणीय स्रोतांना ग्रिडशी जोडणी मिळवून देण्याचे काम राज्य आयोगांकडे सोपविले. महाराष्ट्र शासनाने २००५ साली लघुजलविद्युतेत खाजगी सहभागाचे धोरण आखले. मात्र त्याचा रोख धरणे व कालवे ह्यांवरील मोठ्या केंद्रांकडे होता. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१५ च्या नेट मीटरिंग विनियमांच्या शीर्षकात केवळ छपरावरील सौरसंचाचा उल्लेख होता. २०१९ च्या विनियमांत ‘सौर’ ह्या शब्दाच्या जागी ‘नवीकरणीय ऊर्जा’ हे शब्द आले. शीर्षकातील हा एक बदल. परंतु ओढ्याकाठच्या घराच्या दृष्टीने तो लहान नव्हे. तरीही ‘छपरावरील’ हे विशेषण कायमच आहे, आणि पाणी छपरावरून वाहत नाही. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने केलेल्या वीजग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत ‘प्रोझ्यूमर’ ही नवी संज्ञा आली : जो वीज वापरतो आणि ग्रिडला देऊही शकतो, तो. घेणारा आणि देणारा हे एकाच व्यक्तीत असू शकतात, हे कायद्याने असे नाव देऊन मान्य केले.

मराठीला मात्र ह्या संज्ञेचा प्रतिशब्द अद्याप रुळविता आलेला नाही. वस्तुतः साधने आपल्याजवळ आहेत. नेट मीटर म्हणजे दुसरे काय? जमा आणि नावे ह्यांची वजावट करून शिल्लक पुढे ओढणारी ती खातेवहीच आहे. वर्षाअखेर उरलेली शिल्लक ठरलेल्या दराने चुकती केली जाते. जळगाव-धुळ्याच्या कापूसबाजारातील कोणत्याही दिवाणजीला हा व्यवहार समजावून सांगावा लागणार नाही. ‘देणेकरी’ व ‘घेणेकरी’ हे शब्दही आहेत. पण ते कर्जाच्या अर्थात इतके रुतले आहेत की विजेसाठी ते वापरता येणार नाहीत. ‘वाटेकरी’ हा फडाच्या परंपरेशी जवळचा शब्द लेखकास अधिक योग्य वाटतो. कारण त्यात भरही अभिप्रेत आहे आणि हिस्साही. शब्दाने तार जोडली जात नाही हे खरे. परंतु अर्जाच्या नमुन्यात ज्याच्यासाठी रकाना नाही त्याचा अर्ज कचेरीतील टेबलावरून पुढे सरकत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

८

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात, जेथे पांझरेच्या पाण्यावर फड भिजत आले, तेथेच शिवाजीनगर येथे १२५ मेगावॉटचा सौरप्रकल्प २०१३ साली उभा राहिला. खानदेश ग्रिडला देऊ लागला आहे. परंतु देणारे मोठे आहेत. लहानांची जोडणी व्हावयाची असेल तर फडाने जे आधी केले ते विजेच्या बाबतीतही आधी झाले पाहिजे : प्रत्येक भूमिकेला नाव, प्रत्येक नावाला जबाबदारी, प्रत्येक जबाबदारीला वाटा, आणि तूट आली तर ती सर्वांत विभागण्याचा नियम. यंत्रज्ञान ह्यानंतर येते. बिलगावने यंत्राची बाजू २००३ सालीच सिद्ध करून दाखविली होती.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ह्या विषयात करण्यासारखे पुष्कळ आहे. पाटकऱ्यांची व बारेकऱ्यांची परिभाषा, वायरमन व पंपधारक शेतकरी ह्यांची विजेसंबंधीची बोली, आणि धडगाव भागातील पावरी व भिली बोलणाऱ्यांनी त्या केंद्राच्या यंत्रांना दिलेली नावे ह्यांचा पद्धतशीर संग्रह झाला पाहिजे. ज्यांनी ते चक्र स्वतः फिरविले ती माणसे आज मध्यम वयाची वा वृद्ध आहेत. धबधबा पाण्याखाली गेला. त्याच्याविषयीचे शब्द अजून त्यांच्या जिभेवर आहेत, तोवरच ते टिपून घेतले पाहिजेत.